कोऱ्या कापडाचा ‘ऱ’ : संगणकावर अक्षर अचूक कसे टंकावे?

व्यापारी व कारागीर बंधूंनो, उर्दू शाळेत आम्हाला नुक्त्याची किंमत पहिल्याच वर्षी कळली. तोच एक नुक्ता वर दिला तर ‘खुदा’, खाली दिला तर ‘जुदा’. मराठीतही असेच आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना, ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना.

ईदेच्या तोंडावर इचलकरंजीतील आमच्या दुकानात एका जुन्या गिऱ्हाइकाने कोरे कापड मागितले. संगणकावरील साठ्याच्या यादीत ‘कोऱ्या कापडाचे तागे’ शोधले, तर चाळीसच तागे दिसले. आम्ही नाही म्हटले, पार्टी दुसरीकडे गेली. नंतर गोदामात मोजले तर नव्वद निघाले. यादी दोघांनी टंकली होती. दोघांचा ‘ऱ्या’ डोळ्यांना सारखाच दिसत होता, पण संगणकाला तो वेगळा होता.

याचे कारण समजून घ्या. संगणक आकार पाहत नाही, क्रमांक पाहतो. युनिकोडमध्ये साध्या ‘र’चा क्रमांक ०९३० आणि ‘ऱ’चा ०९३१ आहे. एकाने ‘ऱ’ला हलन्त देऊन ‘य’ जोडला होता. दुसऱ्याने साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरले होते. छपाईत दोन्ही सारखे, शोधताना मात्र निराळे.

ही अडचण आपलीच आहे असे नाही. अरबी ‘ये’ आणि उर्दू ‘ये’ शब्दाच्या मध्ये सारखेच दिसतात, पण त्यांचे क्रमांक वेगळे आहेत. रोमानियाच्या भाषेत ‘श’साठी इंग्रजी ‘एस’खाली स्वल्पविराम देतात. जुन्या संगणकांत त्याऐवजी तुर्की भाषेचे शेपटीवाले अक्षर वापरले जाई. १९९९ साली युनिकोडने स्वल्पविरामवाल्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक दिला. तरीही जुन्या मजकुरात तुर्की अक्षर राहिलेच, आणि एकच नाव दोन प्रकारे लिहिले गेले.

आता उपाय पाहू.

१) इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह ‘जे’ दाबल्यास ‘ऱ’ येतो. मग ‘डी’ने हलन्त द्यावा आणि तिरक्या रेघेच्या कळीने ‘य’ टंकावा. ‘ऱ्य’ तयार होतो.

२) दुकानात सर्वांनी हीच एक पद्धत ठेवावी. जुन्या यादीतील दुसऱ्या पद्धतीचा ‘ऱ्य’ ‘शोधा व बदला’ या सोयीने एकदाच बदलून घ्यावा.

३) जुन्या फॉन्टमधील फाईल तशीच छापखान्यात पाठवू नये. त्यात मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेले असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर सगळी इंग्रजी खिचडी दिसते. मजकूर युनिकोडमध्ये करून द्यावा, सोबत पीडीएफ द्यावी.

४) बिलबुक, लेबल, दरपत्रक यांचे प्रूफ डोळ्यांनी वाचावे. यादी मात्र शोधूनही तपासावी.

कापड घेताना आपण पन्ना मोजतो, सूत बोटांनी पारखतो. अक्षरही तसेच पारखून घ्या. आमचे पन्नास तागे गोदामात असून नसल्यासारखे झाले, तुमचे होऊ नयेत.