खेळाची आकडेवारी : छंद आणि व्यवसाय

मुंबईचे आनंदजी डोसा यांनी क्रिकेटची आकडेवारी आयुष्यभर निष्ठेने जमविली; आकाशवाणीच्या समालोचनाला तिचा मोठा आधार असे. असा छंद जोपासणारे क्रीडाप्रेमी आपल्याकडे आजही आहेत. त्यांपैकी एखादा तरुण या छंदाचा उद्योग करू पाहतो, तेव्हा भांडवलाआधी प्रश्न येतो तो ग्राहकाचा. या आकड्यांसाठी पैसे कोण मोजणार?

या दृष्टीने गुरुग्राम येथील ‘स्तूपा स्पोर्ट्‌स ॲनालिटिक्स’ ही कंपनी अभ्यासण्याजोगी आहे. संस्थापक मेघा गंभीर या स्वतः टेबल टेनिसपटू. क्रिकेटच्या गर्दीत न शिरता त्यांनी आपला परिचित खेळ निवडला. टेबल टेनिसचा गुणफलक फार थोडे सांगतो. ११-८ या आकड्यांवरून निकाल कळतो, कारण कळत नाही. येथे दर दोन गुणांनंतर सर्व्हिस बदलते आणि बरेचसे गुण पहिल्या काही फटक्यांतच निकाली निघतात. सर्व्हिस आखूड पडली की लांब, परतीचा फटका कोणत्या बाजूस आला, तिसऱ्या फटक्यावर गुण मिळाला की गेला, ही नोंद चित्रफितीवरून केल्यास प्रशिक्षकाला दुसऱ्या दिवशीच्या सरावाचा विषय मिळतो. विक्रीयोग्य वस्तू ती हीच. गुणफलक तर सर्वांना फुकट मिळतो! या कंपनीचे काम पुढे आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघापर्यंत पोहोचले.

आता हिशेब. समजा, एका सामन्याच्या नोंदीस तीन तास लागतात व नोंदणाऱ्यास ताशी १५० रुपये द्यावे लागतात. म्हणजे ४५० रुपये केवळ मजुरीचे झाले. प्रशिक्षण केंद्र सामन्यामागे ४०० रुपये देणार असेल, तर ग्राहक वाढतील तसा तोटाच वाढेल. हौसेपोटी स्वतःचे तास हिशेबात न धरण्याची प्रवृत्ती येथे घातक ठरते.

ग्राहक निवडतानाही सावध असावे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे; त्यांच्या भरवशावर आखलेला आराखडा टिकणार नाही. अकादमी, शाळा व क्रीडा संघटना यांची मागणी लहान असली तरी वार्षिक करारात बांधता येते.

संगणक-प्रणाली गहाण ठेवता येत नाही, ही अडचण खरी. तथापि, मुद्रा योजनेत पात्र लघुउद्योगास १० लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते. अर्जासोबत दोन-तीन लेखी करार आणि सहा महिन्यांचा जमाखर्च जोडलेला असल्यास शाखेतील अधिकाऱ्याला परतफेडीचा अंदाज बांधता येतो.