कान्हेरीच्या पोढ्या : कातळातील जलदान

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची प्राचीन बौद्ध लेणी आहेत. कान्हेरी हे नाव ‘कृष्णगिरी’ म्हणजे काळा डोंगर यावरून आले. इ.स.पूर्व पहिल्या शतकापासून सुमारे १००० वर्षांच्या काळात येथे शंभरांहून अधिक लेणी कोरली गेली.

वैशाखात हा काळा कातळ दुपारपूर्वीच तापतो व पायऱ्या चढताना घसा कोरडा पडतो. अशा डोंगरावर भिक्षुसंघ कसा राहत असे, याचे उत्तर अनेक लेण्यांच्या अंगणालगत दिसते. तेथे पाण्याची टाकी खोदलेली आहेत. पावसाचे पाणी कातळात कोरलेल्या पन्हळींतून त्यांत उतरे. तोंड लहान व पोकळी खोल, सावलीत असल्याने ते उन्हात लवकर आटत नसे.

येथील ब्राह्मी शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. कल्याण, सोपारा येथील व्यापारी व गृहस्थांनी लेण्यांबरोबर पोढ्याही दान दिल्या. काही लेखांत ‘अक्षयनीवी’चा, म्हणजे मुद्दल न मोडता व्याजातून खर्च भागविण्याच्या ठेवीचा, उल्लेख आहे. दात्यांनी वास्तूइतकीच तेथे राहणाऱ्यांची तहानही जाणली होती.

उन्हाळ्यात येथे सकाळी लवकर जावे. सोमवारी लेणी बंद असतात. डोके झाकावे, पुरेसे पाणी सोबत न्यावे. टाक्यातील पाणी पिऊ नये व त्यात काहीही टाकू नये. चक्कर आल्यास लेण्याच्या सावलीत बसून घोटघोट पाणी प्यावे. ज्येष्ठांना व बालकांना भर दुपारी चढण चढावयास लावू नये.