संकटकाळी ईश्वरकृपा : श्री तुकाराम महाराजांचे उदाहरण

श्रींच्या दर्शनास येणारे पुष्कळ भाविक काही ना काही अडचण मनात घेऊन आलेले असतात. नवस फेडावयास येणाऱ्यांप्रमाणेच ‘एवढी सेवा करूनही देवास दया का येत नाही?’ असे विचारणारेही त्यांत असतात. हा प्रश्न अश्रद्धेचा मानू नये. सुमारे चारशे वर्षांपूर्वी श्रीक्षेत्र देहू येथे एका तरुण वाण्यापुढेही तो उभा ठाकला होता.

तुकोबांचे घराणे सावकारी व महाजनकीचे. आईवडील निवर्तले, भावजय गेली, थोरले बंधू सावजी विरक्त होऊन तीर्थाटनास निघून गेले. त्यातच इ. स. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. व्यापार बुडाला, पत गेली, प्रथम पत्नी अन्न अन्न करीत मरण पावली. ही हकीकत तुकोबांनी स्वतःच अभंगात काहीही न लपविता सांगितली आहे. पुत्र संतूही याच काळात गेल्याचे परंपरा सांगते.

भाविकांनी लक्षात घ्यावे की, गेलेले कोणी परत आले नाही आणि घरची पूर्वीची संपन्नताही परतली नाही. तुकोबांना कृपेची खूण पटली ती निराळ्या ठिकाणी. पूर्वजांचे विठ्ठलमंदिर मोडकळीस आले होते. ते नीट करावे असे त्यांच्या मनाने घेतले. जवळ द्रव्य नव्हते, अंगमेहनत होती. लोकांकडील येण्याची खतेही त्यांनी बंधू कान्होबांशी वाटून घेतली व आपल्या वाट्याची निम्मी इंद्रायणीत बुडविली, असे चरित्रकार सांगतात. दुष्काळाने नागवलेल्या ऋणकोंच्या घरी त्या दिवशी काय वाटले असेल, याची कल्पना करावी. देवाजवळ दया मागणाऱ्याने आपल्या हातची दया आधी देऊन टाकली होती.

द्वितीय पत्नी जिजाबाई यांना कजाग म्हणण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. ती आम्हांस न्याय्य वाटत नाही. रिकाम्या घरात मुले सांभाळून भंडाऱ्याच्या डोंगरावर पतीसाठी भाकरी नेणारी ती माउली होती. तुकोबांच्या नामचिंतनास त्या भाकरीचा आधार होता.

याच जिजाबाईंचे पुत्र नारायण महाराज यांनी इ. स. १६८५ मध्ये देहूहून पालखी सोहळा सुरू केला. ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूच्या विठ्ठल-रखुमाई मंदिरातून पालखीचे पंढरीकडे प्रस्थान होते.