आकड्यांची साक्ष : क्रीडा-प्रयोगातील नोंदी कशा तपासाव्यात?

विज्ञान प्रदर्शनासाठी खेळाविषयी प्रकल्प करताना आपण मोजमापे उत्साहाने घेतो, तक्ते सुबक आखतो, रंगीत आलेख काढतो आणि शेवटी एका ओळीत निष्कर्ष लिहून मोकळे होतो. वास्तविक खरे काम तेथूनच सुरू होते. विश्लेषण म्हणजे आकडे काय सांगतात ते पाहणे. मूल्यमापन म्हणजे तसे सांगण्याचा अधिकार त्या आकड्यांना कितपत आहे, हे तपासणे. एका साध्या प्रयोगातून हा भेद समजून घेऊ.

प्रश्न असा : खो-खो खेळणाऱ्या मुलांचा प्रतिक्रियाकाल न खेळणाऱ्यांपेक्षा कमी असतो काय? एकाने मोजपट्टी उभी धरावी. दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी अंगठा व तर्जनी पट्टीला न टेकवता ठेवावी. पूर्वसूचना न देता पट्टी सोडली की ती चिमटीत पकडावी आणि कितव्या सेंटिमीटरवर पकडली ते लिहावे. हे अंतर मीटरमध्ये घेऊन त्याची दुप्पट करावी, 9.8 ने भागावे आणि वर्गमूळ काढावे. उत्तर सेकंदांत मिळते. 5 सेंमीला सुमारे 0.10 सेकंद, तर 20 सेंमीला सुमारे 0.20 सेकंद. अंतर चौपट झाले, काल मात्र दुप्पटच. म्हणून प्रत्येक अंतराचे आधी कालात रूपांतर करावे आणि मगच सरासरी काढावी.

समजा, एका मुलाच्या पाच नोंदी 32, 21, 20, 19 आणि 18 सेंमी आहेत. त्यांचे काल अनुक्रमे 0.26, 0.21, 0.20, 0.20 आणि 0.19 सेकंद. सरासरी 0.21, मध्यक 0.20. पहिली नोंद इतरांपासून फार दूर पडते. ती खोडावी काय? काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतः अशी एक नोंद खोडायला लावली होती, कारण तिच्यामुळे आलेख बिघडत होता. तेव्हा तो विद्यार्थी हळूच म्हणाला, ''सर, ती नोंदही माझीच ना?'' आमच्यापाशी उत्तर नव्हते. पट्टी हातातून निसटली असेल, तर कारण लिहून नोंद वगळावी. केवळ ती गैरसोयीची आहे म्हणून वगळणे हा अप्रामाणिकपणा होय. पहिल्या प्रयत्नात सर्वच मुले अडखळत असतील, तर सर्वांनाच सारखे सराव-प्रयत्न द्यावेत.

आता दोन गटांची तुलना करू. खेळाडूंची सरासरी 0.20 आणि इतरांची 0.21 आली असे समजा. फरक शतांश सेकंदाचा. पण वरील एकाच मुलाच्या नोंदींत सात शतांशांचा फरक आहे. मुले थोडी आणि प्रयत्न मोजके असतील, तर एवढ्या फरकावर निष्कर्ष उभा राहत नाही. शिवाय फरक खरा ठरला, तरी सरावाने मुले चपळ झाली, की चपळ मुलांनाच संघात घेतले गेले? सरावाआधी आणि काही महिन्यांच्या सरावानंतर त्याच मुलांचे मोजमाप घेतल्याखेरीज यावर बोलता येणार नाही. आणखी एक गोष्ट : खो मिळतो तो पाठीमागून, स्पर्शाने आणि आवाजाने. पट्टी मात्र डोळ्यांनी पाहून पकडावी लागते. म्हणजे आपण मोजले ते खो-खोतील कौशल्य नव्हेच.

एकाच आकड्याला किती महत्त्व द्यावे, याचे उदाहरण 2009 च्या बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत मिळते. 100 मीटरच्या अंतिम शर्यतीत उसेन बोल्टचा प्रतिक्रियाकाल 0.146 सेकंद, टायसन गेचा 0.144 आणि असाफा पॉवेलचा 0.134 होता. तिघांत बोल्ट सर्वांत उशिरा निघाला, पण 9.58 सेकंदांचा विश्वविक्रम त्याचाच झाला.

इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांला येथे दुसरे एक मोजमाप आठवते. ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले याने माणसांची नाके मोजली आणि जातींची उच्चनीचता वंशावर आधारलेली असल्याचे प्रतिपादन केले. शरीराचा आकडा माणसाच्या दर्जाचा पुरावा ठरवला गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अशाच नासिकामापनाच्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात नाही, हे त्यांच्याच आधारे दाखवून दिले. आकड्यांना न घाबरता त्यांची उलटतपासणी कशी करावी, याचा हा वस्तुपाठ आहे.

म्हणून प्रकल्पवहीच्या शेवटी निष्कर्षाखाली आणखी तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत : कोणत्या नोंदी वगळल्या व का? कोणाचे मोजमाप घेतलेच नाही? हाच निकाल दुसऱ्या कोणत्या कारणाने आला असता? पट्टीवरच्या एका खुणेवरून कोणा मुलाला 'मंद' ठरवून मैदानाबाहेर बसवण्याआधी आम्हां शिक्षकांनीही हेच प्रश्न स्वतःला विचारले पाहिजेत.