जोर किती लावला यापेक्षा चाललो किती

रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन माता-भगिनी आम्हाला विचारतात, "ताई, जिमला पैसे नाहीत, धावायला गुडघे साथ देत नाहीत. मग कोलेस्टेरॉल कसं आटोक्यात आणायचं?" खूप दम लागला तरच व्यायामाचा फायदा, असा समज आपल्या वस्त्यांत घट्ट बसला आहे. तो तपासून पाहू.

आधी रिपोर्ट समजून घेऊ. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल. ते वाढले की रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचते. एचडीएल म्हणजे चांगले. ते जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेते. ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी. स्नायू ती इंधन म्हणून वापरतात. आपल्या देशात एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त, असे रिपोर्ट फार दिसतात.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वजन जास्त असलेल्या, बैठ्या सवयीच्या स्त्री-पुरुषांचे गट केले. एक गट आठवड्याला सुमारे ३२ किलोमीटर धावण्याइतका व्यायाम करी, दुसरा सुमारे १९ किलोमीटर धावण्याइतका, तिसरा तेवढेच अंतर भरभर चालण्याइतका. एक गट व्यायामाविना होता. काही महिन्यांनी रक्त तपासले. सर्वांत जास्त फायदा ३२ किलोमीटरवाल्यांना झाला, त्यांचे एचडीएलही वाढले. पण १९ किलोमीटर धावणारे चालणाऱ्यांपेक्षा फारसे पुढे गेले नाहीत. चालणाऱ्यांचे ट्रायग्लिसराइडही उतरले. म्हणजे जोरापेक्षा एकूण व्यायाम किती झाला, हे महत्त्वाचे ठरले.

मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एलडीएलचा एकूण आकडा कुठल्याच गटात फारसा हलला नाही. म्हणून चालायला लागलो म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. वनस्पती तूप आणि पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातले तळण कमी करा. दारूने ट्रायग्लिसराइड वाढते, विडी-सिगारेटने एचडीएल घटते. घरातल्या पुरुषांनाही हे वाचून दाखवा.

काय करायचे?
• रोज अर्धा तास, आठवड्यातून किमान पाच दिवस भरभर चाला. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतका वेग पुरे.
• सलग वेळ मिळत नसेल तर दहा-दहा मिनिटे तीनदा चाला.
• जमू लागले की आधी वेळ वाढवा, वेग नंतर.
• हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. चालताना छातीत दुखले, दरदरून घाम आला किंवा चक्कर आली तर लगेच थांबा आणि १०८ ला फोन करा.

दोन-तीन महिने नियमाने चालून रक्त पुन्हा तपासा. जुना रिपोर्ट जपून ठेवा, म्हणजे दोन्ही आकडे शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवता येतील.