दंतोपचारानंतरची मुखपरिचर्या : जुन्नर-आंबेगावातील वैद्य व औषधी विक्रेत्यांसाठी

आमच्या दोन तालुक्यांतील रुग्ण दात काढण्यासाठी मंचर, नारायणगाव अथवा जुन्नर येथे जातो, परंतु त्यानंतरच्या शंका मात्र गावातील वैद्यास किंवा औषधाच्या दुकानातच विचारतो. डिंभे धरणाच्या मागील गावांतून अथवा माळशेजकडील वाड्यांवरून आलेल्या मनुष्यास दुसऱ्याच दिवशी पुन्हा दंतवैद्य गाठणे सोपे नसते. त्यामुळे दंतोपचारानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत रुग्णाचे काय होते, हे पुष्कळ अंशी आपल्या शब्दावर अवलंबून राहते. हा शब्द कोणता असावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत.

दात निघाल्यानंतर खळगीत रक्त साचून त्याची गुठळी होते. ही गुठळी म्हणजे घाण नव्हे. उघड्या हाडावरील ते नैसर्गिक आवरण होय आणि तिच्याच आधाराने व्रण भरून येतो. जोराने चूळ भरणे, वारंवार थुंकणे, नळीने पेय ओढणे, बिडी ओढणे यांमुळे ती निसटते. मग साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारा तीव्र ठणका सुरू होतो, तोंडास दुर्गंधी येते आणि खळगी रिकामी दिसते. यास दंतवैद्य ड्राय सॉकेट म्हणतात. वेदना उतरत जाण्याऐवजी तिसऱ्या दिवशी वाढली, तर केवळ वेदनाशामक गोळी देऊन रुग्णास परत पाठवू नये. खळगी धुऊन तीत औषध भरण्याचे काम दंतवैद्याचेच आहे.

येथे आपल्या शास्त्राच्या उपयोगाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते. गंडूष व कवल हे मुखरोगांतील आपले हुकमी उपक्रम. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानात दोहोंतील भेद स्पष्ट केला आहे : द्रव तोंडात सहज फिरवता येतो तो कवल, फिरवता येणार नाही इतका भरलेला असतो तो गंडूष. वाग्भटांनी स्निग्ध, शमन, शोधन व रोपण असे गंडूषाचे चार प्रकार सांगितले असून व्रणासाठी रोपण गंडूष योजला आहे. हे वाचून काही वैद्यबंधू दात काढल्याच्या संध्याकाळीच तिळतेलाचा गंडूष किंवा त्रिफळा क्वाथाच्या गुळण्या सांगतात. आमच्या मते हे घाईचे आहे. कफाने तोंड भरेपर्यंत, नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत गाल फुगवून धरणे हे ताज्या खळगीस मानवणारे नाही. रोपणाची वेळ येण्यापूर्वी रक्तस्तंभनाची वेळ असते. त्यासाठी सुश्रुतांनी सूत्रस्थानात संधान, स्कंदन, पाचन व दहन असे चार उपाय दिले आहेत आणि त्यांतील स्कंदन हे शीत उपचाराने साधते. दंतवैद्य पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ लावण्यास व गरम पदार्थ टाळण्यास सांगतात, ते याहून वेगळे नाही. ऊर्ध्व दंत हलत असला तरी अतिरक्तस्रावाच्या भयाने तो उपटू नये, इतका सावधपणा ज्या ग्रंथात आहे, त्याच्या अभ्यासकांनी रक्ताच्या बाबतीत उतावीळ होऊ नये.

म्हणून पहिले चोवीस तास चूळ नाही, गंडूष नाही, मंजन नाही. दाबून धरलेला कापसाचा किंवा गॉजचा बोळा अर्धा-पाऊण तास तसाच ठेवावा. तो दर पाच मिनिटांनी काढून पाहण्याची सवय घातक आहे. लाळ दिवसभर गुलाबी दिसल्यास घाबरू नये. रात्री रक्त वाहू लागले, तर रुग्णास उठवून बसवावे, ओला स्वच्छ गॉज घडी करून खळगीवर ठेवावा व तीस मिनिटे घट्ट चावून धरण्यास सांगावे. दोनदा असे करूनही रक्त थांबत नसेल, तर मंचरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा जवळचे ग्रामीण रुग्णालय गाठावे. खळगीत हळद, तुरटी, चुना वा कोणतेही चूर्ण कोंबू नये. लवंगतेल शुद्ध स्वरूपात व्रणावर लावल्यास ऊतक भाजते, हेही विक्रेत्यांनी ग्राहकास आवर्जून सांगावे.

आणि मिश्री. आपल्या भागातील अनेक स्त्रिया, विशेषतः वयस्कर, सकाळी मिश्री लावल्याशिवाय चहा घेत नाहीत. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली. मिश्री मात्र घरच्या तव्यावर भाजली जाते, तिला बंदी कोण घालणार? तंबाखूतील निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात व व्रण भरण्यास विलंब होतो. शिवाय ती बोटाने हिरडीवर चोळली जाते. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नास या स्त्रिया प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी तंबाखू नव्हेच. तेव्हा मिश्रीचे नाव घेऊनच विचारावे. निदान आठवडाभर ती थांबवावी. कायमची सुटली तर उत्तमच.

दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, जेवणानंतर व झोपताना, तोंडात हलकेच फिरवून ते आपोआप गळू द्यावे. तीन-चार दिवसांनी वेदना व सूज उतरत असतील, तर पातळ, गाळलेला व कोमट हरीतकी किंवा त्रिफळा क्वाथ कवलासाठी द्यावा. त्रिफळा क्वाथाची क्लोरहेक्झिडिनशी तुलना करणारे अभ्यास झाले आहेत, परंतु त्यांचा विषय मुख्यतः दातांवरील कीट व हिरड्यांची सूज हा आहे. ते निष्कर्ष ताज्या खळगीस जसेच्या तसे लावू नयेत. हिरडा आपल्याच पश्चिम पट्ट्यातला. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात त्याची पुष्कळ झाडे उन्मळली, तरी बाळहिरडा आजही आदिवासी कुटुंबांच्या हातात उन्हाळ्यात चार पैसे देतो. औषधी विक्रेत्यांनी तो घेताना बुरशी व कीड पाहून घ्यावी. व्रणित मुखासाठी जुना, कुबट माल चालत नाही.

आहारात पहिल्या दिवशी गार दूध, ताक, निवालेली नाचणीची पेज, पुढे मऊ भात व वरण. भाकरीचा कडक पापुद्रा आठवडाभर नको. ओझर-लेण्याद्रीच्या परिसरात संकष्टीचे उपवास पुष्कळ. शेंगदाण्याच्या कुटाचे कण खळगीत अडकतात, एवढे ध्यानात ठेवावे.

मूळनलिकेचा उपचार झालेल्या दाताने कायमचे भरण वा टोपी बसेपर्यंत चावू नये. दात साफ केल्यानंतर काही दिवस होणारी शिणशिण स्वाभाविक असते. त्यावर खरखरीत लाल मंजन घासणे चुकीचे.

दुकानदार बंधूंनी दातदुखीवर ॲस्पिरिन देऊ नये, त्याने रक्तस्राव वाढतो. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती रुग्णाने स्वतःहून बंदही करू नये. मधुमेही, तसेच हाडांच्या ठिसूळपणावर औषध घेणारे रुग्ण यांची खळगी उशिरा भरते. जबड्याचे हाड उघडे दिसल्यास त्वरित पाठवावे. उरलेल्या प्रतिजैविकाच्या दोन-तीन गोळ्या ‘सूज आहे म्हणून’ देण्याचा प्रघात तर पूर्ण थांबला पाहिजे. तिसऱ्या दिवसानंतर वाढणारी सूज, ज्वर, तोंड न उघडणे ही संसर्गाची चिन्हे होत. सूज हनुवटीखाली दोन्ही बाजूंस पसरून कठीण झाली, जीभ वर उचलली गेली, गिळता येईना किंवा श्वास लागू लागला, तर श्वासमार्ग बंद होण्याचे भय असते. अशा रुग्णास लेप, काढा वा गोळी यांत एक क्षणही न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, त्यास बसत्या स्थितीत ठेवावे व रुग्णालयास आधी दूरध्वनी करून कल्पना द्यावी.