खाडीच्या तळाशी बुडालेला इतिहास

न्हावा-शेवाच्या किनाऱ्यावरून पश्चिमेस पाहिले म्हणजे घारापुरीचे बेट दृष्टीस पडते. लेण्यांमुळे हे बेट जगद्विख्यात झाले; त्याच्या पूर्वेकडील मोराबंदराकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. तेथे भरती-ओहोटीच्या पट्ट्यात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना अँफोरा या रोमन मद्यकुंभांची खापरे मिळाली आहेत. आजच्या नवी मुंबईसमोरील या बेटावर दीड हजार वर्षांपूर्वीही परदेशी माल पोहोचत होता, असा याचा अर्थ. इतकी शतके जेथे जहाजांची ये-जा राहिली, तेथील तळाशी काही गलबते विसावली असतील, हा तर्क वावगा ठरू नये.

गावाच्या पांढरीत अनेक पिढ्यांचे थर एकमेकांत मिसळतात. जहाज मात्र एकाच दिवसाचा संसार घेऊन बुडते. गोव्याजवळील सुंची खडकावरील सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाच्या अवशेषांत हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी आणि तोफ मिळाली. आफ्रिका व चीन यांचा व्यापार एका तळघरात एकत्र आलेला येथे दिसतो. सेंट जॉर्ज खडकावरचा माल साधाच, भाजलेल्या विटा आणि नळ यांचा. परंतु त्यावरील बासेल मिशनच्या कारखान्याची मुद्रा अभ्यासकाला सोन्याच्या नाण्याइतकीच मोलाची.

ऐवज वर काढला म्हणजे तो वाचला, असे मात्र नाही. खाऱ्या पाण्यात मुरलेली लोखंडी तोफ उघड्यावर वाळू दिल्यास आतील क्षार तिचे पापुद्रे पाडतात. पाण्याने भरलेले लाकूड वाळताच आक्रसते व तडकते. स्वीडनने १६२८ साली बुडालेली ‘वासा’ ही युद्धनौका १९६१ मध्ये वर काढली आणि पुढे तब्बल सतरा वर्षे तिच्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा फवारा चालू ठेवला. बाल्टिकच्या कमी खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा कृमी फोफावत नाही; आपल्या समुद्रात त्याचा सुकाळ आहे. सुदैवाने खाडीचा जो गाळ पाणबुड्याला समोरचे दिसू देत नाही, तोच प्राणवायू रोखून गाडलेल्या लाकडाचे रक्षण करतो.

म्हणूनच युनेस्कोच्या २००१ च्या करारात अवशेष प्रथमतः जागीच राखण्याचा विचार करावा, असे म्हटले आहे. मात्र त्यात किमान १०० वर्षे पाण्याखाली असलेल्या अवशेषांचाच समावेश होतो. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातही सर्वसाधारणपणे १०० वर्षांची मर्यादा आहे. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ रोजी काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तिची शंभरी २०४७ मध्ये भरेल.

बंदरांसाठी गाळ उपसताना ड्रेजरने वस्तू एकदा खेचली की तिचे मूळ स्थान कायमचे हरवते. यासाठी उपशापूर्वी ध्वनिलहरी व चुंबकमापक यांच्या साह्याने तळाची पाहणी होणे अगत्याचे आहे. आपले कोळी बांधवही येथे मोलाचे साह्य करू शकतात. जाळे पुन्हा पुन्हा कोठे अडकते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते. अशा जागी काही आढळल्यास ते ओढून न काढता किनाऱ्यावरील खुणांनी स्थान लक्षात ठेवावे आणि जिल्हाधिकारी अथवा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयास कळवावे.